रस्सा का विटतो?

रविवारी घरात मटण शिजते. पाहुणे येणार म्हणून थोडे जास्तच शिजते. रस्सा उरतो, रात्री तो उकळून ठेवायचा राहून जातो आणि सोमवारी सकाळी झाकण काढताच नाकाला सारे कळते. रस्सा विटला असे म्हणून आपण तो मोरीत ओततो. रात्री उकळला असता तर टिकला असता, एवढे आपल्या आया-आज्यांना पक्के ठाऊक असते आणि स्वयंपाकघराला तेवढे पुरते.

अडीचशे वर्षांपूर्वी इटलीतल्या एका धर्मगुरूला मात्र तेवढे पुरले नाही. उकळल्याने नेमके काय होते, झाकल्याने काय होते आणि विटलेल्या रश्शाच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली वळवळणारे जीव येतात कुठून, हे शोधण्यात त्याने आयुष्याची बरीच वर्षे घालवली. फादर लाझारो स्पालान्झानी हे त्याचे नाव. बेथानीच्या ज्या लाझरसाला प्रभू येशूने कबरेतून बाहेर बोलावले, त्याचेच हे इटालियन नाव. हिवाळ्यात शाळाशाळांतून विज्ञान प्रदर्शने भरतात, तेव्हा धर्मग्रामातल्या मुलांना आणि त्यांच्यासाठी थर्माकोल कापत बसणाऱ्या पालकांना या फादरांची ओळख करून द्यावी असे आम्हांला वाटले.

लाझारोचा जन्म जानेवारी १७२९ मध्ये उत्तर इटलीतल्या स्कांदियानो या लहानशा गावी झाला. वडील वकील. मुलाने आपल्यामागे वकिली करावी ही त्यांची इच्छा. जवळच्या रेज्जो शहरात येशूसंघीय फादरांच्या शाळेत त्याचे शिक्षण झाले आणि मग कायद्याच्या अभ्यासासाठी तो बोलोन्याच्या विद्यापीठात गेला. तिथे त्याच्या आयुष्याला वळण लावणारी व्यक्ती भेटली ती घरचीच होती. लॉरा बास्सी ही त्याची नात्याने बहीण, त्याच्याहून बरीच मोठी आणि त्याच विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकवणारी. १७३२ साली एका स्त्रीला विद्यापीठाची पदवी मिळते आणि ती तिथेच शिकवू लागते, ही गोष्ट त्या काळच्या युरोपात जवळजवळ न ऐकलेली होती. या ताईच्या सहवासात लाझारोचे मन कायद्यावरून उडाले ते कायमचेच. त्याच्या बाजूने वडिलांकडे रदबदली झाली आणि वडिलांनी परवानगी दिली, हे त्यांचे मोठेपण. पुढे पाण्यावर चपटा दगड फेकला की तो उड्या मारत का जातो, यावर लाझारोने एक प्रबंध लिहिला आणि तो या ताईलाच अर्पण केला. तळ्याकाठी आपण सर्वांनी हा खेळ खेळलेला आहे. त्यावर प्रबंध लिहावा असे किती जणांना वाटले असेल?

तिशीच्या आसपास त्यांनी गुरुदीक्षा घेतली. लोक त्यांना आयुष्यभर आबे स्पालान्झानी, म्हणजे फादर स्पालान्झानी, याच नावाने ओळखत आले. रेज्जो, मग मोदेना आणि १७६९ पासून पाविया इथे ते शिकवत राहिले. मोदेनाला असतानाच त्यांच्या वाट्याला तो वाद आला ज्यामुळे आज आपण त्यांचे नाव घेतो.

वाद समजून घ्यायचा तर थोडे मागे जायला हवे. कुजलेल्या मांसातून अळ्या आणि चिखलातून किडे आपोआप निपजतात, अशी समजूत प्राचीन काळापासून चालत आली होती. थोर ग्रीक विचारवंत ॲरिस्टॉटल असे मानत असे, आणि संत थॉमस अक्वायनस यांनाही त्यात काही वावगे वाटले नव्हते. १६६८ साली इटलीच्याच फ्रान्चेस्को रेदी या वैद्याने काही बरण्यांत मांस ठेवले. काही उघड्या ठेवल्या आणि काहींच्या तोंडावर बारीक जाळीचे कापड बांधले. अळ्या उघड्या बरण्यांत झाल्या, बांधलेल्यांत झाल्या नाहीत. माश्या अंडी घालतात म्हणून अळ्या होतात, हे त्यातून कळले. पण तोवर सूक्ष्मदर्शक यंत्र आले होते. त्यातून दिसणारे अतिसूक्ष्म जीव माश्यांच्या अंड्यांतून येत नव्हते, हे तर उघडच होते. मग ते तरी आपोआप होत असतील?

होतात, असे जॉन नीडहॅम यांनी १७४८ साली जाहीर केले. वाचकांनी इथे थोडे थांबावे. हे नीडहॅमसुद्धा कॅथलिक धर्मगुरू होते. ते मूळचे इंग्लंडचे, विद्वान, आणि लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य म्हणून निवडले गेलेले पहिले कॅथलिक धर्मगुरू. त्यांनी मटणाचा गरम रस्सा बाटलीत भरला, बूच लावले, फटी चिकट राळेने बुजवल्या आणि बाटली गरम राखेत ठेवून तापवली. काही दिवसांनी उघडून पाहतात तो रस्सा जिवांनी भरलेला. आतले सारे तापून मेले होते आणि बाहेरून काही शिरायला वाट नव्हती, तेव्हा रश्शातल्याच एका जीवनशक्तीने हे जीव घडवले, असा त्यांनी निष्कर्ष काढला. फ्रान्समधले नामवंत निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ त्यांच्या पाठीशी होते. उलट व्होल्तेर यांनी त्यांना आयरिश जेझुइट म्हणून हिणवले. नीडहॅम आयरिशही नव्हते आणि जेझुइटही नव्हते. वाद घालणाऱ्यांना असल्या तपशिलांशी कर्तव्य नसते.

विज्ञान आणि ख्रिस्तसभा यांचे सदैव भांडण, हे चित्र आपल्या डोळ्यांपुढे इतक्या वेळा रंगवले गेले आहे की इथे दोन्ही बाजूंना धर्मगुरू आहेत आणि दोघेही मिस्सा अर्पण करणारे आहेत, हे वाचून आम्हांलाही नवल वाटले. यातला कोणीही दुसऱ्याला पाखंडी ठरवून मोकळा होऊ शकला असता. स्पालान्झानींनी तसे केले नाही. त्यांनी नीडहॅमच्या बाटलीकडे पाहिले.

त्यांना दोन शंका आल्या. बुचाला बारीक छिद्रे असतात, तेव्हा ते खरोखर हवाबंद असते का? आणि राखेची ऊब आतले सगळे जीव मारायला पुरेशी होती का? दोन शंका, म्हणून दोन बदल. त्यांनी काचेच्या कुप्या घेतल्या. बूच लावण्याऐवजी कुपीची मान ज्योतीवर वितळवून काचेनेच तोंड बंद केले. राखेत तापवण्याऐवजी त्या कुप्या उकळत्या पाण्यात तासभर ठेवल्या. सोबतीला दुसऱ्या कुप्या होत्या. काही थोडाच वेळ उकळलेल्या, काहींना नुसते बूच लावलेले, काही उघड्या. काचेने बंद केलेल्या आणि तासभर उकळलेल्या कुप्यांत जीव झाले नाहीत. बाकीच्यांत झाले. हा सारा वृत्तांत त्यांनी १७६५ साली मोदेना इथे छापला.

आता नीडहॅम यांचेही कौतुक करायला हवे. स्पालान्झानींचे पुस्तक फ्रेंच भाषेत १७६९ मध्ये निघाले ते नीडहॅम यांच्याच टिपांसह. प्रतिपक्षाचे म्हणणे आणि त्यावरचे आपले आक्षेप एकाच पुस्तकात. आक्षेप दोन होते आणि दोन्ही वजनदार होते. पहिला असा की तासभर उकळल्यामुळे रश्शातली जीवनशक्तीच नष्ट झाली, मग जीव कुठून होणार? दुसरा असा की उष्णतेने कुपीतली हवा बिघडली. चिडून उत्तर लिहिणे सोपे होते. स्पालान्झानी पुन्हा चुलीकडे वळले.

आमच्या मते त्यांचा सर्वांत सुंदर प्रयोग हाच आहे, आणि तो अगदी साधा आहे. उकळल्याने जीवनशक्ती मरते असे म्हणता ना? मग जितके जास्त उकळावे तितके जीव कमी व्हायला हवेत, कुपी उघडी असली तरीसुद्धा. त्यांनी घेवडा, वाटाणा, बार्ली, मका अशा तऱ्हेतऱ्हेच्या बियांचे पाणी काढले. काही अर्धा तास उकळले, काही एक तास, काही दीड तास, काही दोन तास. मग त्यांना सैलसर बुचे लावून सगळे एकाच जागी ठेवले. काही दिवसांनी पाहिले तर सगळ्यांत जीव होते आणि दोन तास उकळलेले पाणी त्यात मुळीच मागे नव्हते. म्हणजे उकळण्याने पाण्याची काही शक्ती गेली नव्हती. फक्त बाहेरून येणाऱ्यांची वाट मोकळी होती की बंद, एवढाच प्रश्न होता.

या प्रयोगात नीडहॅम यांना जिंकण्याची पुरी संधी होती. दोन तासांच्या कुपीत जीव कमी दिसले असते तर स्पालान्झानींना माघार घ्यावी लागली असती. आपण हरू शकू असा प्रयोग त्यांनी स्वतःच रचला होता.

हवेच्या आक्षेपाचेही त्यांनी तसेच केले. मोठ्या ज्योतीवर मान वितळवताना कुपीतली हवा तापून बाहेर जाते, आणि नंतर तोंड फोडले की हवा सूं करून आत शिरते, हे त्यांच्या लक्षात आले. म्हणजे नीडहॅमचा संशय काही अगदीच पोकळ नव्हता. तेव्हा त्यांनी कुपीची मान आधीच केसासारखी बारीक ओढून घेतली, कुपी थंड होऊ दिली आणि मग ते सूक्ष्म तोंड क्षणात बंद केले. १७७६ च्या पुस्तकात हे सर्व आले. तरी वाद पूर्ण मिटला नाही. लुई पाश्चर यांनी १८६० च्या सुमारास हंसाच्या मानेसारख्या वाकड्या नळीच्या कुप्या करून, हवा आत येऊ देऊन आणि धूळ बाहेर ठेवून, तो निकालात काढला. पाश्चरही कॅथलिक होते, हे जाता जाता सांगतो.

मुलांनो, हा प्रयोग तुम्हांला वर्गात करता येईल. पण कुपी घट्ट बंद करून कधीही उकळू नका, ती फुटते. आपण काचेऐवजी कापसाचा बोळा वापरू. बिनमिठाचे, बिनमसाल्याचे कोंबडीचे पाणी काढून गाळून घ्या. सारख्या आकाराच्या सहा लहान काचेच्या बाटल्यांत ते सारखेच ओता. सहाही बाटल्यांना कापसाचे बोळे लावून त्या पातेल्यातल्या पाण्यात उभ्या करा आणि मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली अर्धा तास उकळा. निवल्यावर तीन बाटल्यांचे बोळे काढून टाका, तीन तसेच राहू द्या. सहाही एकाच फळीवर ठेवा. एक खिडकीत आणि दुसरी कपाटात ठेवली तर फरक बोळ्याने पडला की उन्हाने, हे कळायचे नाही. फरक एकाच गोष्टीत हवा. आणि तीन-तीन कशाला? एकेकच ठेवली आणि नेमकी तीच आधीपासून अस्वच्छ निघाली, तर सगळेच फसते.

प्रयोग सुरू करण्याआधी, काय होईल असे वाटते ते वहीत लिहून सही करा. मग रोज ठरलेल्या वेळी पाहा आणि ठरलेलेच शब्द वापरा: नितळ, किंचित गढूळ, गढूळ, साय आलेले. वास घ्यायचा नाही, चव तर नाहीच. आठवड्याने सर्व बाटल्या उकळून मगच ओतून टाका.

आता एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. बोळा लावलेली बाटलीही कदाचित गढूळ होईल. काही जंतू बीजाणूंच्या रूपात राहतात आणि ते साध्या उकळण्याने मरत नाहीत. खुद्द स्पालान्झानींनाही दिसले होते की काही जीव अर्ध्या मिनिटात मरतात, तर काही अगदी लहान जीव अर्धा तास उकळूनही तग धरतात. तसे झाले तर वहीत गढूळ असेच लिहा. मग पुढचा प्रयोग आपोआप सुचेल: बोळे लावलेल्या बाटल्या घरच्या प्रेशर कुकरमध्ये ठेवून पाहता येतील, कारण तिथले तापमान १२० अंशांच्या जवळ जाते. कुकर मात्र आईने किंवा बाबांनीच लावायचा.

हे सांगण्याचे कारण आहे. आमच्या शाळेच्या दिवसांत प्रयोगवह्या कशा भरल्या जात, ते आम्ही विसरलेलो नाही. आधीच्या वर्षीच्या मुलाची वही आणायची, पुस्तकातले उत्तर बघायचे आणि त्याला जुळतील अशी निरीक्षणे मागून लिहायची. लोलकाचा एकही झोका न मोजता आम्हांला पैकीच्या पैकी गुण मिळालेले आहेत. कबुलीसंस्काराला जाताना आम्ही आईशी खोटे बोललो हे सांगत असू. प्रयोगवहीतले खोटे हे खोटे आहे, असे कधी मनातही आले नाही. आठवी आज्ञा खोटी साक्ष देऊ नये असे सांगते, आणि निरीक्षण ही साक्षच की!

स्पालान्झानींच्या हातून चुका झाल्या नाहीत असे नाही. सबंध प्राणी सूक्ष्म रूपाने मादीच्या अंड्यातच आधीपासून असतो, असे ते मानत. बेडकांवरच्या त्यांच्याच प्रयोगांतून उलटे दिसत असताना त्यांनी ते मत सोडले नाही. दुसऱ्याच्या बाटलीतले छिद्र दिसणे एकवेळ सोपे असते. पचनाच्या बाबतीत मात्र त्यांनी स्वतःच्या शरीरालाच प्रयोगशाळा केले. पावाचे तुकडे कापडी पिशवीत शिवून त्यांनी ती पिशवी गिळली. पिशवी शाबूत बाहेर आली, पाव मात्र नाहीसा झालेला. पोटात अन्न दळले जात नाही, रसाने विरघळते, हे त्यातून दिसले. पक्ष्यांच्या जठरातला रस आणि मांस नळीत घालून, शरीराची ऊब मिळावी म्हणून ती नळी त्यांनी दिवसचे दिवस आपल्या काखेत धरली.

१७८५ साली ते कॉन्स्टँटिनोपलच्या प्रवासाला गेले असताना पावियात त्यांच्यावर बालंट आले. विद्यापीठाच्या संग्रहालयातल्या वस्तू त्यांनी चोरून घरी नेल्या, असा आरोप त्यांच्याच सहकाऱ्यांनी केला. त्यात एक धर्मगुरूही होता, हे लिहिताना बरे वाटत नाही. चौकशी झाली आणि ते निर्दोष ठरले. पुन्हा शिकवू लागले. साठीला येता येता व्हेसुव्हियस आणि एटना हे ज्वालामुखी पाहायला गेले.

चौसष्टाव्या वर्षी, १७९३ मध्ये, त्यांना एक नवा प्रश्न पडला. रात्री खोलीतली मेणबत्ती विझली की त्यांचे घुबड भिंतीवर आपटे, पण वटवाघूळ खुशाल उडत राही. वटवाघळाला इतक्या अंधारात दिसते तरी कसे? त्यांनी वटवाघळाच्या डोक्यावर जाड टोपी चढवली. ते धडपडले. एखाद्याने इथेच थांबून डोळेच ते, असा निष्कर्ष काढला असता. त्यांनी पारदर्शक टोपी घालून पाहिली, तरीही ते धडपडले. म्हणजे दोष टोपीचा होता. मग त्यांनी वटवाघळांचे डोळेच काढले, आणि ती बिनधोक उडाली. आज असा प्रयोग कोणी करू देणार नाही आणि ते योग्यच आहे. वाचताना आमच्याही अंगावर काटा आला. पावियाच्या कॅथेड्रलच्या घंटाघरातून त्यांनी ५२ वटवाघळे पकडली, आंधळी करून सोडली आणि काही दिवसांनी पहाटे घंटाघरात जाऊन त्यांतली काही पुन्हा पकडली. त्यांची पोटे डोळस वटवाघळांइतकीच किड्यांनी भरलेली होती.

पुढच्या वर्षी जिनिव्हाच्या लुई झ्युरीन या शल्यवैद्याने वटवाघळांचे कान मेणाने बुजवले, तर ती आपटू लागली. हे कळल्यावर स्पालान्झानींनी ते स्वतः करून पाहिले. पण कानात काही कोंबल्याच्या वेदनेनेच ती आपटत असतील तर? म्हणून त्यांनी पितळेच्या इवल्या नळ्या केल्या आणि कानांत बसवल्या. नळ्या मोकळ्या असताना वटवाघळे नीट उडाली. त्याच नळ्या डांबराने बुजवल्या आणि ती भिंतीवर आदळली. वेदना दोन्ही वेळा तीच होती, फरक फक्त ऐकू येण्याचा होता.

वटवाघूळ कानाने पाहते, असा याचा अर्थ झाला आणि तो कुणालाच पटेना. पॅरिसचे थोर प्राणिशास्त्रज्ञ क्यूव्हिए यांनी ते स्पर्शाने वाट काढते असे ठरवून टाकले. मुक्या अंधारात वटवाघूळ ऐकते तरी काय, याचे उत्तर स्पालान्झानींकडेही नव्हते. कान लागतात, एवढेच त्यांच्या प्रयोगांत दिसत होते आणि तेवढेच त्यांनी लिहून ठेवले. फेब्रुवारी १७९९ मध्ये पाविया इथे त्यांना देवाज्ञा झाली.

१९३८ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठातला डोनाल्ड ग्रिफिन हा तरुण विद्यार्थी आपली वटवाघळे पिंजऱ्यात घालून प्राध्यापक जॉर्ज पिअर्स यांच्या यंत्रापुढे घेऊन गेला. माणसाच्या कानाला ऐकू न येणारे आवाज ते यंत्र टिपत असे. पिंजरा जवळ नेताच ती शांत वाटणारी वटवाघळे ओरडत असल्याचे यंत्रातून ऐकू येऊ लागले.